तानुबाईंच्या डोक्यातली राखणदार

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे आणि हल्ली जरा चिडकीही झाले आहे. राहते तानुबाईंच्या मेंदूत. तानुबाई म्हणजे नरडाण्याजवळच्या एका खेड्यातल्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी. शास्त्रज्ञ आम्हाला मायक्रोग्लिया म्हणतात. नाव मोठं भारदस्त, पण काम आपलं राखणीचं आणि झाडलोटीचं.

आमचं घराणं तानुबाई जन्मायच्या आधीच या मेंदूत येऊन बसलं. मधूनमधून आमच्यातल्या एकीच्या दोन होतात, जुन्या जातात, नव्या येतात. पण वसा तोच, म्हणून मी आपली सरळ ‘मी’ म्हणूनच सांगते.

तानुबाई लहान होत्या तेव्हा माझा काय रुबाब होता! अंगाला लांबलचक, नाजूक फांद्या. त्या सतत हलवत मी आसपास चाचपत असे. कुठे जंतू शिरला का, कुठे कचरा साठला का, सगळीकडे माझं लक्ष. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलण्यासाठी धागे जोडतात. त्यातले नको असलेले धागे मी छाटून टाकायची आणि कामाचे ठेवायची. तानुबाई जात्यावरच्या ओव्या शिकल्या, भाकरी थापायला शिकल्या, हिलालभाऊंशी लग्न होऊन या गावात आल्या आणि सासरच्या बठ्ठ्या, म्हणजे झाडून सगळ्या, भाऊबंदांची नावं त्यांना पाठ झाली. त्यात माझाही हातभार होता. पण राखणदाराचं कौतुक कोण करतो? सगळे म्हणायचे, तानुबाईंचं डोकं फार चांगलं. मी आपली गप्प.

मग वय झालं. त्यांचंही आणि माझंही. माझ्या फांद्या आखूड आणि जाड झाल्या. आयुष्यभर गिळलेला कचरा धड पचेना, तो पोटातच साठू लागला. झाडलोट मागे पडली. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत पूर्वी मोठी कडक होती, तीही आता झिरपू लागली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे माझा स्वभाव बदलला. तरुणपणी अंगात कुठे दुखलंखुपलं तर मी थोडी सावध होई आणि काम झालं की शांत बसे. आता मात्र मी कायम बाह्या सरसावूनच बसलेली असते. जरा खुट्ट झालं की आरडाओरडा करते. त्या आरड्याओरड्यात शेजारच्या पेशींचं एकमेकींशी बोलणंच तुटतं. यंदाच्या श्रावणात तेच झालं.

आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई बसते, म्हणजे घरात या देवीची स्थापना होते. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे असतात. हिलालभाऊ गेले तरी भाऊबंदांच्या या मुठी तानुबाईच भरत आल्या. तो त्यांचा मान. रोटाचे गहू निवडायचे तेही सोवळ्यात. मागच्या अंगणात संडासला जाऊन आलं की डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय पुन्हा धान्याला हात लावायचा नाही. तानुबाईंनी यावर सोपा उपाय काढला. पाणीच प्यायचं नाही, म्हणजे उठायलाच नको.

असे त्यांनी बरेच दिवस काढले. व्हायचं तेच झालं. लघवीच्या जागी जंतू वाढले. ताप म्हणावा तर फारसा नाही, पण रक्तातून ती बातमी माझ्यापर्यंत आली आणि माझं डोकं फिरलं. मी आणि माझ्या बहिणींनी एवढा कालवा केला की विचारू नका.

मुठी भरायच्या दिवशी सगळे भाऊबंद ओट्यावर बसले होते. तानुबाईंनी मुलाच्या, प्रेमराजच्या नावाची मूठ टाकली आणि मग आणखी एक भरली.

‘‘माय, हाई कोनी मूठ?’’ प्रेमराजने विचारलं.

‘‘तुना बापनी. त्या का उपाशी राहतीन?’’

 गेलेल्या माणसाच्या नावाने देवीच्या रोटात मूठ घालत नाहीत. इतक्यात तानुबाईंनी सुनेकडे, रत्नाकडे बघून विचारलं, ‘‘हाई बाई कोन शे?’’

सुकदेवनाना म्हणजे हिलालभाऊंचे धाकटे भाऊ. ते उठून म्हणाले, ‘‘म्हातारीनी मत फिरनी. हाऊ दाना नको, नवा ल्या. आते मुठी मीच भरसू. तिले मांगनी खोलीमा बसाडा.’’

प्रेमराजने मान खाली घातली. मागच्या खोलीत खाट टाकली गेली. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. एकदा मागच्या खोलीत गेलेलं माणूस सहसा पुढच्या ओट्यावर परत येत नाही.

रत्ना वडीलधाऱ्यांपुढे काही बोलली नाही. आत गेल्यावर मात्र नवऱ्याला म्हणाली, ‘‘काल पावत माय नीट व्हत्यात. एक रातमा मत कशी फिरी? आंग दखा त्यासनं, जीभ दखा कशी सुकी जायेल शे.’’ आणि तिने त्याला गाडी काढायलाच लावली.

धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली, सलाईन लावलं, औषध सुरू केलं. त्या म्हणाल्या, ‘‘म्हाताऱ्या माणसांचा जंतुसंसर्ग कधीकधी असा डोक्यातून बोलतो. याला वेड समजू नका.’’ खाली जंतू मरू लागले तसा माझा कालवाही हळूहळू थांबला. पेशींना एकमेकींचं बोलणं पुन्हा ऐकू येऊ लागलं. एका सकाळी तानुबाईंनी डोळे उघडले आणि ‘‘रत्ना, तू जेवनी का?’’ असं विचारलं. रत्ना पदर तोंडाला लावून रडली.

घरी आल्या तेव्हा कानबाई अजून बसायची होती आणि मुठीही भरायच्या राहिल्या होत्या. नव्या गव्हांची टोपली घेऊन सुकदेवनाना ओट्यावरच होते. ते थोडे सरकले. टोपली त्यांनी स्वतःच तानुबाईंपुढे ठेवली.

तानुबाईंनी हात मागे घेतला. आपण काय बोलून बसलो ते त्यांना लोकांकडून कळलं होतं. ‘‘मना हात आते भरोसाना नही ऱ्हायना,’’ त्या म्हणाल्या.

 रत्नाने पाण्याचा तांब्या आणून सासूच्या हातात दिला. ‘‘आगोदर पानी प्या, माय. उठनं पडनं ते उठा. आंग धोवाले पानी मी तपाडसू.’’

तानुबाई पाणी प्यायल्या आणि मग मुठी भरल्या. सगळ्या मुठी जिवंत माणसांच्या होत्या. शेवटची टाकून झाल्यावर त्या थोडा वेळ टोपलीकडे बघत राहिल्या. हिलालभाऊंचं नाव त्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते मला कळलं, बाहेर कोणाला कळलं नाही.

मित्रांनो, मी आता पूर्वीसारखी होणार नाही. पुन्हा एखादं दुखणं आलं की मी पुन्हा ओरडेन. मला तरुण करणारं औषध अजून कोणाला सापडलेलं नाही. म्हणून तुमच्या घरातलं म्हातारं माणूस एकाएकी भलतंसलतं बोलू लागलं तर हसू नका, त्याला मागच्या खोलीत नेऊ नका, आधी दवाखान्यात न्या. आणि आज घरी गेल्यावर आजीला पाणी द्या. ती ‘ठेव तिथे, मग पिते’ असंच म्हणेल. तुम्ही ठेवू नका. ती पिऊन होईपर्यंत तिच्याजवळ बसा.