तिसरी खुर्ची

आमच्या दवाखान्यातल्या प्रत्येक तपासणीखोलीत दोन खुर्च्या असतात, एक पेशंटची, एक डॉक्टरची. जानेवारीत तिसरी येते. मग कधी लायब्ररीतून, कधी डीनसाहेबांच्या बाहेरच्या ओळीतून खुर्च्या उचलून आणाव्या लागतात, आणि त्यांचा शिपाई आमच्या नावाने बोटं मोडतो.

हैदराबादच्या एका विद्यापीठात मी फॅमिली मेडिसिन शिकवते. शिकायला येणारे डॉक्टर तीन वर्षं राहतात. त्या तीन वर्षांत त्यांना ठरलेली घरं मिळतात. त्या घरातला ताप त्यांचा, साखर त्यांची, सुनेचं बाळंतपण त्यांचं, सासऱ्याचा खोकलाही त्यांचा. जीव लागतो न लागतो तोच डॉक्टरांची जायची वेळ होते. जाण्याआधी जुन्याने आपला पेशंट नव्याच्या हाती सोपवायचा. तिघांनी एकत्र बसायचं, पेशंटची सगळी कहाणी जुन्याने सांगायची, आणि पेशंटने नुसतं ऐकायचं. सांगणारा कुठे चुकला तर तेवढं बोलायचं. दुखणं भोगलं त्यानेच ते दर तीन वर्षांनी पुन्हा सांगायचं, हे मला बघवेना, म्हणून बारा वर्षांपूर्वी हा नियम मी केला.

यंदा बुद्धभूषणची खुर्ची रिकामी राहिली. आदिलाबादकडे सरकारी नोकरी लागली त्याला, आणि दोन दिवसांत हजर व्हा असा हुकूम आला. बिचाऱ्याने रात्रंदिवस बसून चाळीस घरं सोपवली. अकरा राहिली. त्या अकरांत चतुराबाई होत्या.

चतुराबाई मूळच्या देगलूरकडच्या. लग्न होऊन सिकंदराबादला आल्या. नवरा शंकरराव रेल्वेत होते, आता घरीच असतात आणि त्यांना ऐकू कमी येतं. थोरला मुलगा आबिड्सच्या पोस्टात, धाकटा नांदेडला. नऊ वर्षं चतुराबाई आमच्याकडे येताहेत. आधी पल्लवीकडे, मग प्रमोदकडे, मग बुद्धभूषणकडे. मराठी बोलणारा डॉक्टर असला की मी त्यांना त्याच्याकडेच देत आले. बाकावर बसल्या बसल्या त्या ओव्या जुळवायच्या, नर्सवर, औषधाच्या रांगेवर, माझ्या चष्म्यावरसुद्धा. यंदा नव्या डॉक्टरकडे आल्या त्या दिवशी मी समोरून गेले, तर मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या,

"एक आला डाक्टर, गेला शिकून सवरून
दुसऱ्याला सांगू किती पुन्हा पयल्यापासून"

"चतुराबाई, नवा मुलगा चांगला आहे," मी म्हणाले.

"चांगलाच आसंल की. वाईट कोन हाय? भूषण बी चांगला व्हता. म्हनला, 'मावशे, तू गप बस, मी सांगतो सगळं.' आन गेला."

"त्याला जावं लागलं."

"जावंच लागतंय समद्यांना."

नवा मुलगा म्हणजे अनिकेत. आईवडील पुण्याचे, कंप्युटरच्या नोकऱ्यांमुळे इकडे आलेले. हा जन्मला आणि वाढला इथेच. मराठी बोलतो, वाचायला दिलं की बोट ठेवून वाचतो.

तपासणीखोलीला लागून एक अरुंद खोली आहे. तिथे काच आहे आणि कानाला लावायचं यंत्र आहे. शिकणारा आत बोलतो, मी इकडे ऐकते. पेशंटला हे माहीत असतं, त्यांनी होकार दिलेला असतो. मी यंत्र कानाला लावलं.

"नमस्ते आजी. मी डॉक्टर अनिकेत. आता मी तुमचा डॉक्टर, हौ? तकलीफ काय होतेय?"

"छातीवर धोंडा ठिवल्यावानी व्हायलंय. आठ दिस झाले." चतुराबाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुजं मराठी लेकरा बेगम बाजारातल्या मसाल्यावानी हाय. काय काय मिसळलंय कळंना."

तो हसला. "मम्मी पण हेच बोलते." मग त्याने दुखणं नीट विचारलं. चालताना दम लागतो का, हातात कळ जाते का, घाम येतो का. मी मनात खूण करत गेले, एकही प्रश्न सुटला नाही. शेवटी आमच्या विभागाचा प्रश्न आला. "आजी, घरी कोण कोण असतं? मुलं किती तुम्हाला?"

चतुराबाईंनी पदर सारखा केला.

"दोन."

अनिकेतने संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. "इथे तीन लिहिलंय."

"चुकलं आसंल."

"दोन मुलगेच ना?"

"व्हय बाबा. दोन."

काचेच्या अलीकडे माझ्या हाताशी एक घंटी असते. शिकणाऱ्याचं काही फार चुकलं तर ती वाजवून त्याला बाहेर बोलवायचं. माझं बोट तिच्यावर गेलं आणि तिथेच राहिलं.

माझे यजमान श्रीकांत जाऊन दोन वर्षं झाली. आमच्या गल्लीत सकाळी हातगाडीवर भाजी येते. ते गेल्यावर पंधरा दिवसांनी मी पहिल्यांदा खाली उतरले, तेव्हा भाजीवाला म्हणाला, "मेडम, साब नै दिख रहे भौत दिनाँ से." मी म्हटलं, "गाँव को गए." का म्हटलं, कुणास ठाऊक. तोंडातून निघून गेलं. तेव्हापासून श्रीकांत गावालाच आहेत. भाजीवाला आता विचारत नाही. मी दोनच वांगी मागते, तरी काही बोलत नाही.

म्हणून घंटी वाजवायला माझा हात धजेना. बाई म्हणतात दोन, तर दोन असू देत. कागदाला काय कळतं?

थोड्या वेळाने अनिकेत माझ्या खोलीत आला. आमची ही पद्धत आहे. पेशंट आत बसतो, शिकणारा बाहेर येऊन तीन मिनिटांत सगळं मांडतो आणि मग पुढे काय करायचं ते आम्ही दोघं ठरवतो. त्याच्या चेहऱ्यावर चोर पकडल्यासारखा आनंद होता.

"मॅम, रेकॉर्डमध्ये एक मोठी मिस्टेक सापडली. मुलं तीन लिहिली होती, एक मुलगी मृत, वय एकोणीस, जानेवारी. आणि खाली, दर जानेवारीला छातीत दडपण. मला वाटतं दुसऱ्या कुणाचं तरी यांच्या नावावर चढलंय. मी काढून टाकलं."

"सगळं?"

"पूर्ण लाइन. आता क्लीन आहे." मग गंभीर होऊन म्हणाला, "पण मॅम, बासष्ट वय, साखर आहे, छातीत दडपण आहे. मी मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी लिहिलीय, अँजिओग्राफीसाठी."

ती ओळ प्रमोदने लिहिली होती. त्याच्याआधी, पहिल्याच जानेवारीत, पल्लवीनेही अशीच चिठ्ठी दिली होती. मनगटातून नळी घालून चतुराबाईंची अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात महिनाभर काळानिळा राहिला. त्या हाताने त्या भाकरी थापू शकत नव्हत्या. पुढच्या जानेवारीत पुन्हा तेच दुखणं आलं, त्याच्या पुढच्यातही. मग कधीतरी प्रमोदने विचारलं आणि बाईंनी सांगितलं. ती एक ओळ होती म्हणून पुढे त्यांच्या हातात कुणी नळी घातली नाही. आता ती गेली होती. मी गप्प राहिले तर बाई उद्या पुन्हा त्या टेबलावर. बोलले तर त्यांनी झाकलेलं मी उघडं करणार.

"आधी ईसीजी काढ," मी म्हणाले. "रक्तही पाठव. त्यात तुझं काही चुकलेलं नाही. चिठ्ठी मात्र माझ्याकडे दे."

ईसीजीच्या खोलीत चतुराबाई वायरी लावून पडल्या होत्या. पट्टी निघाली, ती मी पाहिली. गेल्या वर्षीच्या पट्टीशेजारी धरून पाहिली. दोन्ही सारख्याच. मी स्टूल ओढून त्यांच्या उशाशी बसले.

"चतुराबाई, तो तुम्हाला पुन्हा त्या हातातून नळी घालायच्या तपासणीला पाठवणार होता."

त्यांनी छताकडेच पाहिलं. "मग?"

"दोनच मुलं म्हणालात, म्हणून."

बाहेर कुणाचं तरी टोकन पुकारलं.

"दोन म्हनलं की फुडं कुनी काय इचारत न्हाई," त्या म्हणाल्या. "तीन म्हनलं की इचारत्यात, तिसरं काय करतंय. मग सांगा. सांगून झालं की त्येंचं त्वांड उतरतंय. मग मीच म्हनायचं, असू द्या बाबा, लई दिस झाले. माजीच लेक, आन मीच समजूत काढायची. परमोदची काढली. भूषण तर रडला. आता मला व्हईना, डाक्टरीनबाई."

"मी सांगू त्याला?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "सांगा. माज्या म्होरं नगं. मी हितंच पडते."

मी परत गेले आणि अनिकेतला समोर बसवलं. जुन्या डॉक्टरने सांगायचं ते मी सांगितलं. चतुराबाईंना तीन मुलं. मधली मुलगी. एकोणिसाव्या वर्षी कावीळ झाली, अकरा दिवसांत गेली, जानेवारीच्या वीस तारखेला. त्याला आता सतरा वर्षं झाली. दहा तारीख उलटली की यांच्या छातीवर दगड येतो, महिना संपला की उतरतो. घरी शंकरराव त्या मुलीचा विषय काढत नाहीत. म्हणून ईसीजी दर वर्षी काढायचा, मन लावून पाहायचा आणि बाईंना लवकर लवकर बोलवायचं. माझी तीन मिनिटंही पुरी झाली नाहीत.

अनिकेतचा चेहरा उतरला होता. "मी पुसून टाकलं ते," तो म्हणाला.

"परत लिहिता येईल."

तो संगणकाशी बसला. तीन, एक मुलगी मृत, असं टंकत गेला आणि थांबला.

"मॅम, तिचं नाव काय होतं?"

मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढली. मग आम्ही दोघांनी मिळून मागची पानं उलटली. तीन डॉक्टर, नऊ वर्षं, सत्तेचाळीस भेटी. प्रत्येक गोळीचं नाव होतं, दोन्ही मुलग्यांची होती, सुनेचंही होतं. मुलीचं वय, आजार, तारीख, सगळं होतं. नाव नव्हतं. त्यातल्या प्रत्येक पानावर तपासल्याची माझी सही होती.

"मी विचारू का त्यांना?" अनिकेत म्हणाला. "की नको?"

"मला नाही सांगता येणार," मी म्हणाले, आणि ते खरं होतं.

रक्ताचा अहवाल चांगला आला. चतुराबाई खोलीत येऊन आपल्या जागी बसल्या. अनिकेत बसला. मी बुद्धभूषणच्या खुर्चीत बसले. अनिकेतने संगणकाचा पडदा भिंतीकडे वळवला. हे मी त्याला शिकवलं नव्हतं.

"आजी, मॅमनी मला सांगितलं. मी चिठ्ठी फाडली. तुम्हाला कुठे जायचं नाहीय." मग म्हणाला, "तिचं नाव काय होतं?"

चतुराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "ह्ये तुमी शिकवलं व्हय, इचारायला?"

"नाही. त्याचं त्यानेच."

"तरीच." त्या म्हणाल्या. "कशानं गेली, कवा गेली, किती वरसाची व्हती, ह्येच इचारलं समद्यांनी. मेल्यालीचंच इचारलं. आन तुमी डाक्टरीनबाई, नऊ वरसं त्या काचंमागं बसून माजं ऐकलाव. यकदा तरी आत येऊन इचारलं का?"

मी नाही म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"तुमी जावा आता," त्या म्हणाल्या. "ह्याला मी सांगते माजी मी. तुमी आसलाव की मला ते दवाखान्यातलं बोलनंच सुचतंय. आन दार वडून घ्या."

मी उठले. जाताना पाहिलं, त्यांनी आपली खुर्ची पुढे ओढली होती. अनिकेतच्या हातात पेन नव्हतं. मी दार ओढून घेतलं. शेजारच्या खोलीत शिरले, यंत्राचं बटण बंद केलं, काचेवरचा पडदा सारला आणि बाहेर आले.

व्हरांड्यात एकतीस नंबरचा माणूस मांडीवर फाइल घेऊन बसला होता. बंद दाराकडे बघत म्हणाला, "मेडम, अंदर भौत देर से हैं उनो. क्या बाताँ कर रैं?"

"मालूम नै," मी म्हणाले. "टैम लगेगा. बैठो."

तो थोडा सरकला, आणि मी त्याच्या शेजारी बसले.