अर्ध्या मिनिटाची धून

विद्यापीठाच्या बँडचा अमेरिकन संगीताचा कार्यक्रम होता. ऑर्विल आपण होऊन "येतो" म्हणाला, तेव्हा त्याच्या बायकोला, मार्लिसला, धक्काच बसला. सहा वर्षं तो या सभागृहाची पायरी चढला नव्हता. त्यांचा मुलगा कर्टिस इथेच पितळी हॉर्न वाजवायचा. मग शिक्षण अर्धवट टाकून लष्करात जायला निघाला. ऑर्विल स्वतः आरमारातला जुना खलाशी, पण मुलानं गणवेश चढवू नये, एवढंच त्याचं मागणं. "गेलास तर या घरात पाय ठेवू नकोस," म्हणाला. पोरगाही बापासारखाच हट्टी. त्यानं पाय ठेवला नाही. शवपेटी आली, तीही थेट दफनभूमीत. तेव्हापासून ऑर्विलनं त्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. एकदा तरी काढावं, म्हणून मार्लिस आतल्या आत झुरत होती.

शेवटी दरवर्षीप्रमाणे एकेका सैन्यदलाची धून सुरू झाली. आपल्या दलाची लागली की त्यात नोकरी केलेल्यांनी उभं राहायचं, त्यांच्या घरच्यांनीही. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. पहिली आरमाराची होती. मार्लिसनं कोपरानं ढोसलं. "अरे ऊठ, तुझीच आहे!"

ऑर्विल ढिम्म. हल्ली तो चष्मा फ्रीजमध्ये ठेवून घरभर शोधायचा. आता स्वतःची धूनही विसरला की काय!

धून बदलली, लष्कराची लागली. आणि म्हातारा काठी टेकत उठला.

"अरे देवा! खाली बस," तिनं बाही ओढली. "तुझी मघाशीच होऊन गेली. लोक हसतायत."

"माझी कुठली ते कळतं मला." तो समोर बँडकडे बघत म्हणाला. "कर्टिससाठी उभा आहे. सोड."

तिला भडभडून आलं. आणि आपण याला खाली ओढत होतो! तीही उठायला लागली, पण मेले गुडघे ऐकतील तर ना. खुर्चीचा हात धरून ती सरळ होईपर्यंत हवाई दलाची धून सुरू झाली होती. अर्ध्या मिनिटाची तर असते एकेक.

शेजारची बाई टाळ्या वाजवत कौतुकानं म्हणाली, "वा! हवाई दलात कोण होतं तुमचं?"

"कुणी नाही," मार्लिस म्हणाली. "मला उठायला उशीर झाला."