धुऱ्यावरची तिसरी बाभूळ

मी एक जुनी बाभूळ आहे, मित्रांनो, आणि मला कोणी लावलं नाही. कोण्या एका बकरीनं शेंगा खाल्ल्या, तिच्या लेंडीतून माझं बी बाळापूरजवळच्या या काळ्या रानात, महादेवरावांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पडलं आणि मी उगवले. अशाच माझ्या दोन बहिणीही जवळपास उगवल्या. आंब्याला आळं करतात, तुळशीला वृंदावन बांधतात. आम्हाला मात्र लहानपणी माणसांनी दोन-चारदा उपटायचाच प्रयत्न केला. आमची मुळं खोल गेली होती, म्हणून आम्ही राहिलो.

मोठ्या झाल्यावर मग आमची किंमत कळली. महादेवरावांनी माझ्या एका फांदीची तिफण करून घेतली. माझ्याच लाकडाच्या तिफणीनं माझ्यासमोर ज्वारी पेरली जायची, तेव्हा मला केवढा अभिमान वाटे! शेंगा बकऱ्यांना, डिंक बाळंतिणीच्या लाडवांना, काड्या दात घासायला. सुगरणींची घरटी तर माझ्या अंगावर कानातल्या डुलांसारखी लटकत. काटा रुतला की लोक शिव्या द्यायचे, पण काटा काढून पुन्हा माझ्याच सावलीत बसायचे.

महादेवराव गेले, शेत त्यांच्या मुलाकडे, शेषरावांकडे आलं. त्यांच्या बायकोनं, तानुबाईनं, आपल्या तान्ह्या धर्मेंद्रची झोळी माझ्या फांदीला बांधली. ती निंदण करायची आणि मी झोळी हलवायची. मी म्हणजे वारा हलवायचा, पण श्रेय मी घेई.

पुढे ट्रॅक्टर आला, अवजारं लोखंडाची झाली. आमच्याकडे मान वर करून बघणंही लोकांनी सोडलं.

मग एका दिवशी धर्मेंद्र आला. आता तो चांगला उंचापुरा गडी झाला होता. त्यानं दोन्ही हात पसरून माझ्या खोडाला मिठी मारली. मला गलबलून आलं. वाटलं, पोराला झोळी आठवली. मित्रांनो, तो माझा घेर मोजत होता.

तालुक्याच्या रस्त्याला एक नवं वीजघर उभं राहिलं होतं. तिथं कोळशाऐवजी कपाशीची वाळलेली झाडं, म्हणजे पऱ्हाट्या, आणि तुरीच्या तुराट्या जाळून वीज करत. पूर्वी लोक त्या शेतातच पेटवून द्यायचे, आता त्या कामी येऊ लागल्या. धर्मेंद्र गावोगावचा हा माल गोळा करून देई. पण पावसाळ्यात पऱ्हाटी भिजून जाई, संपून जाई. मग वीजघराला लाकूड हवं असे.

त्या दुपारी आमच्याखालीच मायलेकांचा वाद झाला. धर्मेंद्र काही वाईट बोलला नाही.

"माय, कोळसा एकदा जळला का संपला. झाड पुन्हा येते. लाकूड नाई भेटलं तर वीजघर बंद पडते आन् आपल्याच गावचे पोट्टे घरी बसतात."

"येते, पन कवा येते?" तानुबाई म्हणाली. "जळाले घटकाभर लागते. वाढाले तुह्या आज्याची सारी जवानी गेली."

शेषराव मधे बसले होते. त्यांना दोघांचंही पटत होतं, आणि हीच त्यांची अडचण होती. शेवटी त्यांनी पोराला दोन बाभळी नेऊ दिल्या. तिसरी पुढच्या खेपेला.

करवतीचं यंत्र घरघरलं. तानुबाई माझ्या खोडाला हात टेकून उभी होती. माझ्या बहिणी ट्रॉलीत चढल्या. दोनेक दिवसांनी आभाळाच्या कडेला धुराची एक रेघ दिसली. त्या धुरात त्या होत्या की नाही कोण जाणे. गावात त्या रात्री दिवे लागले, तेही मी पाहिलं. रागवायचं कोणावर, ते मला समजेना.

पुढचा उन्हाळा भलता कडक होता. पेरणीआधी शेतातला काडीकचरा वेचायला बाया आल्या. दुपारी भाकरी सोडायला सगळ्या माझ्याच सावलीत दाटीवाटीनं बसल्या. सावली सरकली की त्याही सरकत. तेवढ्यात धर्मेंद्र ट्रॉली आणि करवत्याला घेऊन माझ्यासाठी आला. बाया जेवत होत्या, म्हणून तो उन्हात उभा राहिला. त्याच्या बायकोनं, रूपालीनं, सरकून जागा केली.

"या, बसा. तुमचं डोकं तापून राहिलं," ती म्हणाली.

तो बसला. करवत्याही बसला. तानुबाईनं भाकरीवर ठेचा दिला. खाऊन झालं तरी धर्मेंद्र उठेना. एकदा वर फांद्यांकडे बघे, एकदा रिकाम्या धुऱ्याकडे. बऱ्याच वेळानं त्यानं हळूच विचारलं, "माय, वीजघरात काय सांगू?"

तानुबाईनं हात धुतले, पदराला पुसले.

"सांग, माय नाई म्हनत नाई. पयले धुऱ्यावर नव्या बाभळी लाव. ज्या दिवशी त्याईच्या सावलीत मानूस बसन, त्या दिवशी हिले ने."

रिकामी ट्रॉली परत गेली. धर्मेंद्रनं पुढच्या हंगामात जास्त गावांतून पऱ्हाटी उचलली, पावसाआधी ताडपत्रीखाली झाकली. तरी एकदा वीजघर आठवडाभर थांबलंच. खोटं कशाला सांगू?

रोपं त्यानं खरंच आणली. पहिली बकऱ्यांनी खाल्ली. ज्यांच्यामुळे मी जन्मले, त्यांनीच! मग धर्मेंद्रनं माझ्याच काटेरी फांद्या तोडून नव्या रोपांना कुंपण केलं. त्याच्या हातातून रक्त आलं. माफ कर रे लेकरा, काट्यांना माया कळत नाही. आता संध्याकाळी कधी तानुबाई पाणी घालते, कधी तो.

मित्रांनो, ही रोपं वाढली की माझी वेळ येईल, हे मला ठाऊक आहे. तरी ती लवकर वाढावीत असंच मला वाटतं. माझी पानगळ मी त्यांच्या आळ्यात टाकते. लाकडानं जळावं यात मला लाज नाही, चुलीत आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या जळलं. माझं मागणं एवढंच आहे: तोडायच्या आधी लावा, आणि लावून पाठ फिरवू नका. बकरी जाईपर्यंत तिथं उभे राहा.

परवा रूपालीनं पाण्याची कॅन माझ्याखाली न ठेवता एका नव्या रोपाजवळ नेऊन ठेवली. एवढीशी सावली, पण कॅन तिच्यात पुरती मावली. मी किती तरी वेळ पान न हलवता तिकडेच बघत राहिले.