झाडावरचा गुलाबी चष्मा

कडुनिंबाला निंबोळ्या लागतात हे आपण लहानपणापासून पाहतो. चष्मे लागलेला कडुनिंब मी मागच्या उन्हाळ्यात पाहिला.

आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावहून साखऱ्याकडे निघालं की रस्त्यालगतच्या एका शेतात तो उभा आहे. दर सोमवारी भर दुपारी तिथे जीपगाड्यांची रांग लागायची. फांद्यांना सुतळीने बांधलेले चष्मे लोंबत असायचे. जाड भिंगांचे, काडी मोडून दोरा गुंडाळलेले, कुणा म्हाताऱ्याचे, कुणा कॉलेजातल्या पोरीचे. वारा सुटला की ते एकमेकांवर आपटून किणकिणायचे आणि खाली बसलेली माणसं हात जोडायची. त्यातले निम्मे तरी माझ्या हातचे होते. मी अजीज, गोरेगावच्या बाजारात बावीस वर्षं चष्मे बनवतो. आपल्या हातचा माल असा फासावर लटकलेला पाहून कुणाच्याही पोटात दुखेल. तेव्हा माझ्या बोलण्यात राग सापडला तर त्यातला थोडा धंद्याचा आहे असं खुशाल समजा. बाकीचा कशाचा आहे ते सांगतोच.

झाडाखाली नजरबाबा बसायचे. कपाळावर अष्टगंध आणि खांद्यावर हिरवी शाल. त्यामुळे ते नक्की कुणाचे हे कुणालाच सांगता यायचं नाही आणि सगळीकडची माणसं निर्धास्त यायची. आवाज मात्र खणखणीत.

"चष्मा म्हंजी डोळ्याची काठी," बाबा सुरू करायचे. "धडधाकट माणसानं काठी धरली तर काय व्हईल?"

"पाय लंगडा व्हईल," लोक म्हणायचे.

"आता खरं सांगा. नवा चष्मा घातला तवा डोकं दुखलं का न्हाई?"

"दुखलं."

"भुई वर आल्यावाणी वाटली का न्हाई? पायरी खोल दिसली का न्हाई?"

"व्हय बाबा." हे उत्तर सगळ्यात मोठ्याने यायचं.

"ती धरणीमाय सांगून राहिली. म्हणते, लेकरा, हे काचेचं जोखड काढ. आन् तुमी तिचं ऐकत न्हाई, चष्मेवाल्याचं ऐकता."

दोन-चार डोकी माझ्याकडे वळली. मी त्या दिवशी पहिल्यांदाच तिथे गेलो होतो आणि गर्दीच्या मागे जीपच्या आडोशाला उभा होतो. मग चमत्कार सुरू झाला. बाबांनी किसनरावांना पुढे बोलावलं. किसनराव माझे जुने गिऱ्हाईक, साठी ओलांडलेले, चष्म्याशिवाय ताटातली भाजी ओळखत नाहीत. बाबांनी त्यांचा चष्मा काढून घेतला आणि बियाण्याच्या पिशवीमागची मुंगीएवढी अक्षरं पुढे धरली. किसनराव म्हणाले, दिसत नाही. बाबांनी पळसाचं एक ताजं पान घेतलं, काहीतरी पुटपुटले आणि पान त्यांच्या डोळ्याला लावलं. पानाच्या मधोमध बारीक छिद्र होतं. किसनरावांनी त्या छिद्रातून दोन ओळींमधलं पेरणीचं अंतर सेंटीमीटरसकट वाचलं आणि बाबांच्या पायावर डोकं ठेवून रडले. त्यांचा चष्मा झाडावर गेला.

पान दोन दिवसांत वाळून चुरगळायचं, म्हणजे मंत्र उतरायचा. पुढच्या सोमवारी दक्षिणा ठेवून नवीन पान. ऊन कलल्यावर बाबा पान देत नसत. सूर्य साक्षीला लागतो म्हणत.

मी काही बोललो नाही. चष्मेवाला चष्म्याची बाजू घेणार, त्यात नवल ते काय, असं लोक म्हणतील म्हणून गप्प राहिलो आणि गप्प राहण्यालाच शहाणपण समजलो. खरं तर ती भीती होती.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्याच घरात निघाला. माझी बायको अजरा, चाळिशी लागून सात वर्षं झाली तरी चष्मा घालत नाही. तिच्या मते चष्म्यात ती तिच्या सासूसारखी दिसते. एके दिवशी दुपारी जेवायला घरी आलो तर ही खिडकीपाशी उभी राहून मसाल्याच्या पाकिटावरची तारीख वाचत होती, आणि डोळ्याला पळसाचं पान.

"चिढो मत जी," ती म्हणाली. "पर दिखता है. बराबर दिखता है."

मी पान हिसकावलं, माझा चष्मा काढला आणि पान डोळ्याला लावलं. मलाही दिसलं. मी तसाच उठून दुकानात गेलो, जेवलो नाही. नंबर तपासायच्या पेटीत भिंगांच्या शेवटी एक काळी चकती असते. तिला भिंग नाही, काच नाही, नुसतं मधोमध बारीक भोक. बावीस वर्षं ती चकती मी गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे धरतो आहे. अंधुक दिसणाऱ्या माणसाला त्या भोकातून स्पष्ट दिसलं की समजायचं, फक्त नंबर आहे, चष्म्याने भागेल. नाही दिसलं की समजायचं, प्रकरण वेगळं आहे, डॉक्टरकडे धाडा.

म्हणजे बाबा ज्याला चष्मा सोडायची खूण म्हणत होते, ती चष्मा लागल्याची खूण होती. आणि हे मला रोज हातात धरूनही दिसलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी मी अजराला घेऊन गेलो. या वेळी मागे उभा राहिलो नाही. बाबांचं काठीपुराण चालू होतं. मी त्यांच्याच पुढ्यातली रिकामं अगरबत्तीचं खोकं उचललं आणि त्याचे तुकडे केले. अजराने बांगडीत अडकवलेली पिन काढून दिली. प्रत्येक तुकड्याला एक भोक पाडून मी ते लोकांत वाटले.

"मी मंत्र जाणत न्हाई," मी म्हणालो. "ह्या पुठ्ठ्यानं बघा."

किसनरावांनी सगळ्यांत आधी बघितलं. पिशवीवरची अक्षरं वाचली, पुठ्ठा उलटा करून पुन्हा वाचली आणि कुणीतरी फसवल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. मग सगळेच वाचायला लागले.

बाबा हसले. "मंत्र म्या साऱ्या रानावर टाकलेला हाय. ह्या पुठ्ठ्यावर बी पडला."

"मग बाबा, पानाची दक्षिणा काहून घेता?" अजरा म्हणाली. "रान तर आमचं हाय."

लोक हसले. अशा जागी हसू फुटलं की अर्धं काम झालं. मी समजावून सांगितलं. नंबर असलेल्या डोळ्यात चहूकडून आलेला उजेड एका जागी जुळत नाही, म्हणून अक्षर पसरतं. बारीक भोक बाजूचा उजेड अडवतं, सरळ येणारा तेवढा आत सोडतं, म्हणून अक्षर आखडतं. आत जाणारा उजेड कमी, म्हणून वर ऊन कडक लागतं. हाच तो सूर्य साक्षीला. आणि भोकातून बघत माणूस ना रस्ता ओलांडू शकतो ना सुईत दोरा घालू शकतो. कायमचं बघायचं असेल तर चष्मा. माझा घ्या किंवा दुसऱ्या कुणाचा घ्या.

मी जिंकत होतो. हे मी लपवत नाही, कारण पुढचं त्यामुळेच घडलं.

गर्दीतून एक बाई लेकीला पुढे ढकलत आली. "अजीजभाई, माझ्या पोरीला बी लावा की पुठ्ठा. तिला पानातून समदं दिसते." ती साखऱ्याकडची शालूबाई. पोरगी प्रतिक्षा, नऊ वर्षांची. मी तेव्हा त्यांना ओळखलं नाही. पोरीने सवयीने पुठ्ठा उजव्या डोळ्याला लावला आणि घडाघडा वाचलं. लोकांनी कौतुक केलं. मी मास्तरकीच्या सुरात म्हणालो, "आता दुसऱ्या डोळ्यानं," आणि तिचा उजवा डोळा माझ्या तळहाताने झाकला.

तिने पुठ्ठा डाव्या डोळ्यापुढे इकडे-तिकडे हलवला.

"वाच बाळा."

"काळं काळं दिसते."

"पुठ्ठा सरळ धर."

"सरळच हाय, काका. अक्षर न्हाई त्याच्यात."

नाही दिसलं की समजायचं, प्रकरण वेगळं आहे. मी मान वर केली. डोक्यावरच्या फांदीला एक लहानसा गुलाबी चष्मा लोंबत होता. डावी काच फुगीर, उजवी जवळजवळ सपाट. मागे इलॅस्टिकचा पट्टा, लेकराच्या नाकावरून घसरू नये म्हणून मीच शिवलेला.

अडीच वर्षांपूर्वी शाळेतल्या तपासणीत प्रतिक्षाचा डावा डोळा आळशी निघाला होता. त्या डोळ्याला मोठा नंबर होता, त्यामुळे मेंदूने त्याचं ऐकणंच सोडलं होतं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा लिहून दिला, आणि चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी, म्हणजे आळशाला कामाला लागावं लागतं. साडेसहा वर्षांचं लेकरू. तेव्हा ऐकलं असतं तर डोळा परत आला असता. चष्मा मी बनवला. बाजाराचा दिवस होता, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी चष्मा पोरीच्या डोळ्यावर ठेवला, छान दिसतेस म्हणालो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो.

तिच्या आईला एक वाक्य सांगायचं राहिलं. आठ-पंधरा दिवस भुई वर-खाली वाटेल, डोकं दुखेल, पायरी चुकेल, पण काढू नका, मग डोळा सरावतो. दोन काचांत एवढा फरक असेल तर हे जरा जास्तच होतं. मला ते पाठ होतं. मी सांगितलं नाही.

शालूबाई माझ्याकडे, झाडाकडे आणि परत पोरीकडे बघत होती. तिला सगळं कळत चाललं होतं आणि ते थांबवण्याचा कुणाकडेही उपाय नव्हता.

"तिसऱ्या दिवशी उंबऱ्यावर पडली ती," शालूबाई हळू बोलली. "ओठ फुटला. म्हणे, आई, भुई हलून राहिली. मला वाटलं चष्मा चुकीचा हाय. वरून चांगला डोळा झाकायचा म्हणजी काय, लेकराला आंधळं करायचं का, आसं हिचे वडील म्हणले. मग हितं आलो. बाबा म्हणले तेच झालतं, अजीजभाई. भुई वर आल्ती." मग ती म्हणाली, "तुमी निस्तं सांगितलं असतं तर म्या तो चष्मा तिच्या डोळ्यावर धरून बसले असते."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

नजरबाबा कधी उठून गेले ते कुणी पाहिलं नाही. नंतरच्या सोमवारी ते आले नाहीत, कुठे गेले कुणाला ठाऊक नाही, आणि अशा माणसांना गावांची कमी पडत नाही. लोक आपापले चष्मे उतरवायला झाडाशी जमले तर निराळाच गोंधळ. चष्म्याशिवाय कुणालाच आपला चष्मा ओळखू येईना. मी शिडी लावून एकेक उतरवला आणि हातात दिला. काहींच्या काचा उन्हापावसाने खरबरीत झाल्या होत्या. एरवी या प्रकाराचं मला हसू आलं असतं.

शालूबाई, तिचा नवरा संतराम, पोरगी आणि मी हिंगोलीला त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाईंनी बराच वेळ तपासलं. कुणाला रागावल्या नाहीत.

"मेंदू बघायला लहानपणी शिकतो," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं म्हणजे दार बंद झालं असं नाही, पण बरंच ओढलं गेलंय. पट्टी आणि चष्मा नेमाने वापरा. थोडं सुधारेल. तेव्हा जेवढं मिळालं असतं तेवढं मिळण्याची आशा मी देणार नाही."

संतराम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. परत येताना जीपमध्ये प्रतिक्षाने मला विचारलं, "काका, आता ह्या डोळ्यानं दिसंल का मला?" मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना दिसेल, दिसेल म्हणत आलोय. तिला म्हणालो, "थोडं दिसंल, बाळा. समदं न्हाई." तिने मान डोलावली. त्या मान डोलावण्याने मला रात्रीची झोप लागत नाही.

आता तुम्हाला सांगतो, वाचणाऱ्यांना. एक पुठ्ठा घ्या, पिनने भोक पाडा, उजेडात बघा, एकेक डोळा झाकून बघा. एरवी अंधुक दिसणारं भोकातून स्पष्ट दिसलं तर ती कुणाची कृपा नाही, चष्म्याची गरज आहे. नाही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, विशेषतः लेकराचा डोळा असेल तर. नवा चष्मा घातल्यावर भुई हलली तर ती देवाची खूण नाही, डोळा शिकतोय. पंधरा दिवसांनीही हलत असेल तर चष्मेवाल्याकडे परत जा आणि त्याला जाब विचारा. आणि चष्मेवाले, डॉक्टर, मास्तर, जे कुणी जाणते असाल त्यांनी सांगायचा कंटाळा करू नका. आपण सांगायचं सोडलेलं वाक्य बाबा उचलतो आणि आपल्याच माणसांना विकतो. मी राखलेल्या मौनावर त्या बाबाने अडीच वर्षं दुकान चालवलं.

तोच गुलाबी चष्मा मी नवीन काचा घालून दिला, फ्रेम रुंद करून. प्रतिक्षा सुट्टीच्या दिवशी पट्टीचे दोन तास माझ्या दुकानात काढते. उजवा डोळा झाकून ती डाव्याने भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं लावत बसते. वरच्या दोन ओळी येतात. तिसरी अजून आलेली नाही.

परवा एका आजोबांना नवा चष्मा दिला. ते उठले आणि पायरीशी थबकले, पाय उचलून तसाच धरला. मी तोंड उघडायच्या आत कोपऱ्यातून आवाज आला.

"आजोबा, आठ-पंधरा दिवस भुई हलते. मग थांबते. काढू नका."