बैलाला कळेल असं बोला

जोडीतला जुना बैल पुढे ओढत होता आणि नवा ढिम्म उभा होता. धाकट्या भावाने त्याला चुचकारलं, दटावलं, शेपटीही पिरगाळून पाहिली. पेरणीची पाभर काही जागची हलेना. जमिनीतली ओल उडत चाललेली, पेरणी तशीच पडलेली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो, बैल नदीपलीकडचा. त्याला आपली भाषा कशी कळणार?" बायको म्हणाली. "वहिनींना विचारा, त्यांचं माहेर तिकडचंच."

इथेच तर घोडं पेंड खात होतं. गेल्या वर्षी धाकट्याने थोरल्या भावाचा बांध हातभर कोरला होता आणि पावसाने खचला म्हणून कानांवर हात ठेवले होते. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद. पण करतो काय? नाक मुठीत धरून गेला वहिनीकडे.

वहिनी धान्य पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"भावजी, आमच्याकडे बैलाला नुसतं ‘चल’ म्हणत नाहीत. आर्जव करावं लागतं." आणि तिने आपल्या भाषेत एक लांबलचक वाक्य म्हटलं. "म्हणजे, ‘चल रे राजा, धनी तुझ्या पाया पडतो.’ पण मोठ्याने हं!"

धाकट्याने घोकलं, ओरडला, आणि बैल निघाला की! मग पठ्ठ्याने सगळं शिवार डोक्यावर घेतलं. पलीकडे थोरला मात्र खोकल्याचं निमित्त करून सारखं तोंड झाकत होता. इतक्या वर्षांत बायकोची भाषा त्याला चांगलीच येत होती.

दोन दिवसांनी वहिनीचा भाऊ आला आणि बांधावरच थबकला.

"पाहुणे, तुमच्यासारखा सरळ माणूस पाहिला नाही! ‘चल राजा, दादाचा बांध मीच चोरला’ असं कोणी गावभर ओरडतं का?"

धाकटा तावातावाने वहिनीसमोर उभा राहिला. ती हसू दाबत म्हणाली, "पहिले दोन शब्द बैलाचे, बाकीचे माझे. नको असतील तर गाळा."

त्याने गाळले. बैल हलेना. त्याला आता पुरं वाक्य ऐकायची सवय लागलेली. शेवटी दातओठ खात धाकटा पुन्हा सगळंच ओरडू लागला. पण आता अर्थ कळला होता, आणि पाभरीच्या प्रत्येक फेरीला ते त्याच्याच कानांना झोंबत होतं. संध्याकाळी त्याने कुदळ उचलली आणि बांध पूर्वी होता तिथे नेऊन घातला.

सकाळी पुन्हा तीच आरोळी. वर्षभरात पहिल्यांदा थोरल्याने पलीकडून हाक मारली, "अरे, आता ते खोटं झालं ना!"

"मला कळतंय रे दादा," धाकटा वैतागून म्हणाला, "पण ह्याला कोण सांगणार?"