वाकडी वेणी

लेकीच्या वेणीवर परका हात फिरलाय, हे तिला लांबूनच कळायचं. अर्धं आयुष्य तिनं पार्लरमध्ये लोकांच्या डोक्यांत घातलं होतं. सकाळी घातलेली घट्ट, सरळ, चापूनचोपून बसवलेली वेणी संध्याकाळी घरी यायची ती डावीकडे कललेली, सैल, कानामागे एक बट मोकाट सोडलेली. आपलं काम कुणीतरी रोज मोडतंय, हे कुठल्या कारागिराला सहन होईल?

तिचा नवरा गेला, त्यानंतर काही दिवसांनी लेक, बिट्टी, पुन्हा शाळेत जाऊ लागली. जो तो सांगत होता, पोरीला बोलतं करा. आईनं जंग जंग पछाडलं. पोरगी घरात तोंडाला कुलूप घालून बसायची. आणि शाळेत चित्रकलेच्या बाईंपाशी म्हणे मधली सुट्टीभर तोंडाचा पट्टा चालू! शेजारच्या पोरीनं ही बातमी आणली आणि आईच्या अंगाचा तिळपापड झाला.

बाई चांगल्या असतील, जीव लावत असतील, सगळं मान्य. म्हणून पोटच्या पोरीच्या केसांत हात घालायचा? नवरा होता तेव्हाही हेच. हिला सकाळी लवकर पार्लर उघडायला पळावं लागायचं, म्हणून वेणी तो घालायचा आणि बापलेक खिदळत बसायचे. तेव्हा ती त्याच्यावर जळायची. आता तो नव्हता, तर बाईंवर जळत होती.

"वेणी कुणी सोडली गं?"

"सुटली."

"आपोआप?"

बिट्टी दप्तर घेऊन आत पळाली.

दुसऱ्या दिवशी समोरचं गिऱ्हाईक मदतनीस पोरीच्या गळ्यात मारून ती शाळेत गेली. बाईंना दोन शब्द सुनवायचेच होते. वाटेत त्या दोनाचे दोनशे झाले.

चित्रकलेच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. बिट्टी स्टुलावर बसली होती. मागे बाई, दातांत कंगवा, बोटांना निळा रंग.

"घट्ट नाही हो बाई! बाबा एवढं ओढायचा नाही."

"बरं बाई. ही घे, चुकले."

"अशी नाही चुकायची. बाबा डावीकडे चुकायचा."

आईचे दोनशे शब्द दारातच राहिले. बाईंचं लक्ष गेलं तशा त्या गडबडल्या. "अहो, मला वेणी येतच नाही. रोज बोलणी खाते हिची."

"मला का नाही सांगितलंस?" आईनं लेकीला विचारलं. आवाज रुसलेल्या पोरीसारखा निघाला, त्याची तिची तिलाच लाज वाटली.

बिट्टीनं मान खाली घातली. "तुला चांगली येते ना. तुला वाकडी कशी जमणार?"

आईनं बाईंच्या हातातून कंगवा घेतला. हिसकावलाच, खरं सांगायचं तर. वेणी सोडली आणि म्हणाली, "शिकव."

पण बोटं कसली ऐकतात! वेणी सरळच उतरली.

"बघ, सरळ झाली."

"सोडते परत."

या खेपेला बिट्टीनं मध्येच हात धरला. "इथं बाबा थांबायचा. आमचं गाणं म्हणायला."

"कुठलं गाणं?"

"आमचं. आम्ही केलेलं."

इतकी वर्षं एका घरात राहून तिला गाण्याचा पत्ताच नव्हता. ती पुन्हा त्याच्यावर जळली.

"म्हण," ती म्हणाली, आणि हातातली बट तशीच धरून थांबली.