एकशे चाळिसावं घर

"झाडं किती?" मंजूषानं विचारलं.

"झाडं नाहीत."

"पाणी? काचा? तळं-बिळं काही?"

"पाणी तर मुळीच नाही," समोरचे वयस्क गृहस्थ म्हणाले. "नुसती घरं. एकशे चाळीस."

मंजूषा गोतमारेनं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. महाराणा प्रताप नगरात एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर तिचं दुकान होतं. एकोणीस वर्षं ती आर्किटेक्ट लोकांना कॉम्प्युटर जोडून देत होती. यावर काय काढणार, हा तिचा पहिला प्रश्न असे आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत ती एकही पार्ट सांगत नसे. बंगले, मॉल, शाळा अशी उत्तरं तिच्या सवयीची होती. पंच्याहत्तरीच्या माणसाकडून 'एकशे चाळीस घरं' हे उत्तर तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

मनोहर पांढरीपांडे त्यांचं नाव. वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आलेले आणि हे स्वतः नकाशे काढण्याच्या खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले. साठीनंतर नातवाच्या वयाच्या मुलांबरोबर बसून थ्रीडी शिकले होते. त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला पेन ड्राइव्ह काढला. मंजूषानं तो दुकानातल्या मशीनला लावला, तर मशीन पाच मिनिटं गप्पच झालं. मग एक गाव उघडलं. मातीच्या भिंती, ओटे, आडवे-तिडवे बोळ. प्रत्येक छपरावरचं कवेलू न् कवेलू, एकेक कौल, वेगळं काढलेलं होतं.

"काका, असं नाही करत. एकच कवेलू काढायचं अन् त्याच्या नकला मांडायच्या. फाइल हलकी होऊन जाते."

"दोन कवेलू सारखी कुठं असतात?" काका म्हणाले.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मंजूषानं कागद ओढला आणि नेहमीप्रमाणे समजावून सांगायला बसली. ड्रॉइंग काढताना प्रोसेसरचा एकेक कोअर वेगवान हवा. रेंडर लावलं, म्हणजे उजेड-सावलीसकट पक्कं चित्र बनवायला घेतलं, की सगळा भार ग्राफिक्स कार्डावर येतो. "अख्खं गाव कार्डाच्या मेमरीत मावलं पाहिजे, काका. नाही मावलं तर मशीन मधेच बसते. तुम्हाला चोवीस जीबीचंच कार्ड लागेल. रॅम चौसष्ट. पॉवर सप्लाय दमदार, कारण मे महिन्यात इथं पंखेही हात टेकतात. अन् मॉनिटर रंग खरे दाखवणारा."

"एकही घर बाहेर राहता कामा नये," काका म्हणाले.

"नाही राहणार. माझी जबाबदारी."

"आणि ते रंगीत दिवे असतात ना डब्यात, ते नकोत. काहीच चमकायला नको."

तिनं दिवे नसलेले पंखे लावले. बंद लोखंडी कॅबिनेट निवडलं. शहापुऱ्याला त्यांच्या फ्लॅटवर मशीन बसवायला ती स्वतः गेली. तळ्याकडच्या बाल्कनीत कुंड्यांची इतकी दाटी होती की दार अर्धंच उघडत होतं. निम्मी झाडं सुकलेली होती. प्रमिलाकाकूंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "यांना सांग गं, डोळे जातील. रोज सकाळी देवपूजा झाली की त्या गावात जाऊन बसतात."

"कुठलं गाव आहे, काकू?"

"खेरवाही. धरणात गेलं. यांनीच नकाशा काढला होता त्याचा." काकूंनी बशी उचलली आणि त्या आत गेल्या.

पहिलं रेंडर मंजूषासमोरच झालं. पडद्यावर आधी वाळूसारखे दाणे नुसते सळसळत राहिले. मग गढूळ पाणी निवळावं तसं चित्र निवळत गेलं आणि भर दुपारच्या उन्हात कोरडंठक्क गाव उभं राहिलं. माणूस नव्हता, कुत्रं नव्हतं. बाविसेक वर्षं पाण्याखाली असलेले ओटे उन्हात तापत होते. मंजूषाला ते फार वेळ बघवेना. पण मशीन झकास चाललं होतं. तेवढ्यावर समाधान मानून ती परतली.

नवव्या दिवशी फोन आला. "मंजूषाताई, तुमच्या मशीनमध्ये दोष आहे. एका घरात दिवा दिसतोय. मी लावलेला नाही."

"काजवे असतील, काका. रेंडरमध्ये असे चुकार पांढरे ठिपके येतात, आमच्यात त्यांना काजवेच म्हणतात. थोडा वेळ जास्त चालू द्या, जातील."

"सहा तास दिले. पांढरा नाही, पिवळा आहे. आणि काल होता त्यापेक्षा आज मोठा आहे."

ती दुपारीच गेली. काकांनी उजेड नको म्हणून खिडक्यांचे पडदे ओढून घेतले होते. मॉनिटरवर गावाची वरची कड होती. एका टोकाला बाकीच्यांपासून जरा सुटं असं एक घर आणि त्याच्या बंद दाराच्या फटीतून जमिनीलगत पिवळा उजेड बाहेर आलेला. बाहेर लख्ख ऊन असूनही तो वेगळा ओळखू येत होता.

बिघाडाला कारण असतं, एवढी एकच गोष्ट मंजूषा धंद्यात शिकली होती. तिनं दिव्यांची यादी उघडली. यादीत एकच नाव होतं, सूर्य. तिनं त्या घराच्या आत शिरून पाहिलं. आत काहीच काढलेलं नव्हतं, चार भिंती आणि मोकळी जमीन. तिनं मेमरीची तपासणी लावली. दुसऱ्या दिवशी येऊन बघितलं तर एकही चूक नव्हती. दुकानातून दुसरं ग्राफिक्स कार्ड आणून बसवलं. पुन्हा रेंडर. दाणे सळसळले, निवळले. उजेड तिथंच होता. आता दाराची एक फळी किलकिली दिसत होती.

"दार तुम्ही उघडलं, काका?"

"मी कुठलंच दार उघडं ठेवलेलं नाही," काका म्हणाले. त्यांनी हात मांडीखाली दाबून धरले होते.

काकू उंबऱ्याशीच उभ्या होत्या. "मी आता या खोलीत केर काढायला येत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "रॉकेलचा वास येतो. आपल्याकडे रॉकेल कुठलं आलं आता?"

मंजूषानं लगेच मशीन बंद केलं. पॉवर सप्लाय काढून नाकाशी धरला, वायरी एकेक करून हुंगल्या. नव्या प्लास्टिकशिवाय कसलाही वास नव्हता. तिनं सगळं पुन्हा जोडलं आणि शेवटचा उपाय म्हणून ते केलं, जे खरं तर आधीच करायला हवं होतं. यादीतला सूर्य तिनं काढून टाकला.

"आता सगळं काळं यायला पाहिजे," ती म्हणाली. "उजेडच नाही तर दिसणार काय?"

पडदा काळा झाला. तिघंही त्याच्याकडे बघत राहिली. बाहेर तळ्याच्या रस्त्यावरून भाजीवाल्याची हाक आली आणि लांब गेली. मग काळोखात एका जागी दाणे जमू लागले. उजेड जमिनीलगत पसरला. त्यात दाराची चौकट दिसली, आतली शेणानं सारवलेली जमीन दिसली आणि त्या जमिनीवर कसल्यातरी गोल, ठेंगण्या वस्तूची सावली.

मंजूषाचा हात माऊसवरून सुटला. तो तिनं परत ठेवला नाही.

"रमकूबाईंचं घर," काका म्हणाले.

काकू उंबरा ओलांडून आत आल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. काका पडद्याकडे बघतच बोलत राहिले.

"पाणी कुठवर येणार ती रेषा मी काढली होती. साहेब म्हणाले, लकीर मोटी खींचो, मीटिंग में पीछे तक दिखनी चाहिए. मी जाड पेन घेतलं. कागदावर दीड मिलिमीटर म्हणजे जमिनीवर सहा मीटर. त्या सहा मीटरांत एक घर होतं. आत म्हणायचं की बाहेर? विचारायला गेलो तर यादीवर सह्या झालेल्या होत्या. यादीत एकशे एकोणचाळीस घरं. माझ्या नकाशात एकशे चाळीस येत होती. यादी बदलायची तर फाइल परत भोपाळभर फिरणार. साहेब काही बोलले नाहीत, नुसते घड्याळ बघत उभे राहिले. मी ब्लेडनं घराची खूण खरवडली आणि केसभर वर काढली. रेषेच्या बाहेर. एका मिनिटाचं काम."

"मग?" मंजूषानं विचारलं. उत्तर कळलेलं असूनही विचारलं.

"मग त्यांना नोटीस गेली नाही. सगळं गाव उठलं. त्या एकट्या राहिल्या. सगळ्यांना सांगायच्या म्हणे, सरकारनं मोजलंय, आपलं घर सुटलंय. श्रावणात पाणी चढलं, तेव्हा त्या घरातच होत्या. त्यांचा मुलगा इकडे मजुरीला आला होता."

मग काकूंनी विचारलं, "तो मुलगा आहे कुठं?"

"कोलार रोडच्या नर्सरीत. देवसिंह."

"जिथून तुम्ही झाडं आणता?"

काकांनी मान हलवली. "अकरा वर्षं जातोय. दर वेळी ठरवून जातो. तो विचारतो, बाबूजी, कौन सा दूँ? आणि मी एक कुंडी घेऊन परत येतो."

मंजूषाला खरं तर आता तिथून निघायचं होतं. कॉम्प्युटर जोडणं हे तिचं काम आणि ते तिनं चोख केलं होतं. दोष मशीनचा नाही, हेही सिद्ध झालं होतं. तिनं आपलं कार्ड काढून घेतलं, पहिलं परत बसवलं, स्क्रू पिळले. मग चपला घालता घालता थांबली.

"काका, उद्या सकाळी मी गाडी घेऊन येते. नर्सरी नऊला उघडते ना?"

काकांनी नाही म्हटलं नाही.

देवसिंह पन्नाशीचा, काटक माणूस होता. हातातला पाण्याचा पाइप तसाच चालू ठेवून त्यानं काकांना ओळखीचं हसून विचारलं, "बाबूजी, पिछला वाला भी सूख गया क्या?"

"खेरवाही का नक्शा मैंने बनाया था," काका म्हणाले. इतकी वर्षं न निघालेलं वाक्य एकदम, खणखणीत आवाजात निघालं. पुढचं मात्र त्यांना जड गेलं. ब्लेड, रेषा, केसभर वर. पाइपमधलं पाणी एकाच कुंडीत पडत राहिलं, कुंडी भरून वाहिली, माती पायांशी आली. देवसिंहनं नळ बंद केला.

"लकीर पतली नहीं खींच सकते थे?" त्यानं विचारलं.

"खींच सकता था."

तो मारेल असं मंजूषाला क्षणभर वाटलं. त्यानं हात धुतले, गमछ्याला पुसले आणि म्हणाला, "दिखाइए."

त्याला गाडीत घेऊन ते शहापुऱ्याला परतले. घरी काकूंनी खोलीचे पडदे आधीच ओढून ठेवले होते. मंजूषानं सूर्य परत यादीत घातला नाही. रेंडर तसंच लावलं. काळोख, मग दाणे, मग उजेड. या वेळी दार सताड उघडं होतं.

देवसिंह खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. जमिनीवरच्या गोल सावलीवर त्यानं बोट ठेवलं, पडद्याला न टेकवता.

"ये हाथ की चक्की है. अम्मा चिमनी इसके पीछे रखती थीं, हवा से बुझे नहीं इसलिए." तो काकांकडे वळला. "आप हमारे घर के अंदर आए थे?"

"कभी नहीं. मैंने सिर्फ बाहर से नापा था."

"फिर ये किसने बनाया?"

काकांनी मंजूषाकडे बघितलं. मंजूषाला प्रोसेसर ठाऊक होता, कार्ड ठाऊक होतं, कुठल्या तारेतून किती वीज जाते ते ठाऊक होतं. "मुझे नहीं पता, भैया," ती म्हणाली. गिऱ्हाइकासमोर हे शब्द तिनं पहिल्यांदाच उच्चारले.

काकांनी कपाटातून एक लांब पुठ्ठ्याची नळी काढली. आत मूळ नकाशा होता, ब्लेडनं खरवडलेल्या जागेसकट. सोबत त्यांच्या वळणदार अक्षरातला चार पानी हिंदी जबाब होता. शेवटी सही आणि कालची तारीख. "इसका जो करना हो, कीजिए," ते म्हणाले. "जहाँ बुलाएँगे, मैं आऊँगा."

देवसिंहनं नळी घेतली, उघडली नाही. तो खुर्चीत बसला आणि पडद्याजवळ झुकला. त्यानं नळी दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरली होती.

"बाबूजी, आप भी बैठ जाइए," थोड्या वेळानं तो म्हणाला. नंतर आणखी एकदा म्हणाला.

काकूंनी स्टूल आणून ठेवलं. काका बसले नाहीत. हात शरीराशी सरळ सोडून, साहेबाच्या टेबलासमोर उभं राहावं तसे ते त्याच्या खुर्चीच्या जरा मागे उभे राहिले. मंजूषा दुकान उघडायला निघाली तेव्हाही ते तसेच उभे होते.